कुंपणाबाहेरचे नऊ फूट

जमीन मोजणारा गावात शिरला की आधी कुत्री भुंकतात, मग माणसं. कुत्री तासाभरात गप्प होतात. माणसांचं तसं नाही. मोजणी संपून नकाशा हातात पडला तरी ती एकमेकांवर भुंकत राहतात आणि शेवटी दोन्हीकडचे मिळून मोजणाऱ्यावर. वर्धा जिल्ह्यात मी हे एकोणतीस वर्षं ऐकलं.

माझा हुद्दा भूकरमापक. हा शब्द म्हणता म्हणता माणसाची दमछाक होते, म्हणून तो कोणी वापरत नसे. ‘मोजणीबाबू आले’ एवढंच. बाबूचं नाव विश्वास शिरसाट. आमच्याकडे जातधर्म कळल्याशिवाय पाण्याचा पेला पुढे येत नाही, तेव्हा तेही सांगून टाकतो. मी ख्रिस्ती. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, माझं शिक्षण मिशनच्या शाळेत, आणि मॅट्रिकनंतर काही वर्षांनी मी सरकारात चिकटलो.

ऑफिसात माझ्या धर्माविषयी लोकांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे मी नाताळात केक आणतो, आणि दुसरी म्हणजे आमच्या शास्त्रात सरकारचं ऐकायला सांगितलं आहे. ही दुसरी मीच एकदा चहा पिता पिता ऐटीत सांगितली होती. तिचा उपयोग साहेबांनी लगेच करून घेतला. “शिरसाट, रविवारी पुलगावकडे एक मोजणी आहे. बाकीचे कुरकुर करतात. तुमच्यात तर साहेबाचं ऐकणं धर्मातच आहे म्हणे!” सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो, मोजणीची साखळी उचलायचो आणि जायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटायचा. सरकारला माझ्यासारखा आज्ञाधारक नोकर मिळाला नसेल असं मला मनापासून वाटे.

त्या आज्ञाधारकपणाचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी मोजणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे माझी चूक कुठली ते कळेल.

जमिनीची हद्द कागदावर असते आणि मातीतही असते. कागदावर ती रेघ असते, मातीत दगड. जुन्या लोकांनी मोजणी केली तेव्हा कोपऱ्याकोपऱ्याला दगड पुरले आणि दोन दगडांमधलं अंतर लिहून ठेवलं. आम्ही काय करायचं, तर तो दगड शोधायचा, त्यावरून साखळी टाकायची आणि कागदातली रेघ पुन्हा जमिनीवर आणायची. ऐकायला सोपं आहे. अडचण इतकीच की दगडाला पाय नसले तरी तो चालतो.

आर्वीकडच्या एका गावात दोन चुलतभावांचं धुऱ्यावरून वाजलं होतं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. नकाशात दगड होता, जागेवर नव्हता. दोघंही गळ्याची शपथ घेऊन सांगत होते की असा दगड आम्ही जन्मात पाहिला नाही. दोन दिवस उन्हात फिरून मी वैतागलो. तिसऱ्या दिवशी हातपाय धुवायला एकाच्या परसात गेलो तर तिथं पांढुरका, चौकोनी, घडवलेला दगड. वर साबणाची वडी ठेवलेली. मी विचारलं, “वहिनी, हा दगड कुठला?” ती म्हणाली, “मले काय माहीत बाप्पा, सासूबाईच्या वक्तापासून हाय. आमी दोघी जावा यावरच धुतो.” म्हणजे भाऊ कोर्टात भांडत होते आणि दोघांचीही धोतरं त्याच दगडावर आपटली जात होती!

म्हणून आमच्या कामातला पहिला नियम असा की एका दगडावर विश्वास ठेवायचा नाही. तीन दगड शोधायचे, तिन्हींवरून साखळी टाकायची आणि रेघ एकाच ठिकाणी आली तरच ती खरी मानायची. हा नियम मी नव्या पोरांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवला. मी स्वतः तो एकदाच मोडला.

आमचं गाव हिंगणघाटच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथली आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी, जेमतेम पन्नास घरांची. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतले मास्तर, रेल्वेतले दोघं-तिघं. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला आमचं कबरस्थान. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती तेव्हा मंडळीनं ठरवलं की काटे काढून पक्की भिंत घालायची. आता घरातच मोजणीदार असताना बाहेरचा कोण बोलावतो? रविवारची उपासना झाली, जेवणं झाली आणि दुपारी मी ऑफिसची साखळी घेऊन हजर झालो.

साखळीचं दुसरं टोक बारनाबासकाकांनी धरलं होतं. दवाखान्याचे माळी. तेव्हा पन्नाशीचे असतील. त्यांच्या वडिलांनी ते काट्यांचं कुंपण पहिल्यांदा घातलं होतं. रस्त्याच्या कडेला मला एक दगड दिसला, अर्धा मातीत गेलेला. त्यावरून साखळी टाकली आणि माझी छाती फुगली. म्हटलं, “काका, आपली हद्द कुंपणाच्या बाहेर आहे. नऊ फूट! इतकी वर्षं आपण आपलीच जागा सोडून बसलोय.”

काकांनी टोपी मागे सारून डोकं खाजवलं. “अरे पण माह्या बापानं कुंपण इथंच घातलंतं. तो काई येडा नव्हता.”

“काका, नकाशा खोटं बोलत नाही,” मी म्हणालो.

“बरं बाप्पा. तू सरकारचा मानूस. तू म्हणशीन ते खरं.” आणि त्यांनी साखळीचं टोक मी दाखवलं तिथं नेऊन टेकवलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी वेदीवरून माझं नाव घेऊन आभार मानले. विश्वासरावांनी मंडळीला नऊ फूट जागा मिळवून दिली! जुन्या भागात दाटी झाली होती, म्हणून भिंतीलगतच्या त्या नव्या पट्ट्यात कबरांची नवी ओळ सुरू झाली. त्या ओळीत बारनाबासकाकांची बायको गेली. आणखी पाच जण गेले. आणि आमची शलोमी गेली.

शलोमी तीन वर्षांची होती. घटसर्प झाला, चार दिवसांत सगळं आटोपलं. भिंतीच्या कोपऱ्यात कडुनिंबाचं झाड होतं, तिथं सावली असते म्हणून सुलोचनानं, माझ्या बायकोनं, तीच जागा मागितली. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे कबरांना चुना लावायला जात असू. काका आधी त्यांच्या बायकोच्या कबरेला चुना लावायचे आणि उरलेला डबा घेऊन आमच्या कोपऱ्यात यायचे. मला ब्रश देत नसत. “तू नको. तुहा हात हालते,” म्हणायचे. खरंच हलायचा.

आता पाळकसाहेबांविषयी. उंच माणूस, आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नाही. ते दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधीच्या रविवारी बायबलातल्या, पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचत. सत्ता ही देवाच्या परवानगीनंच असते, तेव्हा तिच्या अधीन राहावं, असा त्याचा मथितार्थ. आमच्यात नुसतं ‘तेरावा अध्याय’ म्हटलं की पुरे. आणीबाणी आली आणि वर्षातून एकदा येणारा तेरावा अध्याय दर महिन्याला येऊ लागला. ऑफिसात दहाच्या ठोक्याला माणसं खुर्चीत, चहाच्या टपरीवर कुजबुज, आणि उपासनेत तेरावा अध्याय. आम्ही मूठभर माणसं. उगाच कोणाच्या डोळ्यावर येऊ नये ही भीती त्यामागे होती, हे आता कळतं. तेव्हा मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचो.

घरी येताना सुलोचना म्हणायची, “अहो, हा पौल स्वतः किती वेळा तुरुंगात गेला होता, ते पाळकसाहेब का नाही सांगत?”

“हळू बोल,” मी म्हणायचो. ती शाळेत शिकवायची. हळू बोलणं तिला जमत नसे.

बारनाबासकाकांचा मात्र पौलापेक्षा पेत्रावर जीव. येशूच्या या शिष्याला धरून मोठ्या लोकांपुढे उभं केलं, तोंड बंद ठेव म्हणून दटावलं, तेव्हा तो म्हणाला की माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे. काकांना लिहितावाचता फारसं येत नव्हतं, पण एवढं पाठ होतं. उपासनेतला संदेश संपला की ते दारात पाळकसाहेबांना गाठायचे. “साहेब, पौल झाला. पेत्राची पाळी कवा हाय?” पाळकसाहेब हसून त्यांच्या खांद्यावर थोपटायचे.

शहात्तर साली रस्ता रुंद करायचा हुकूम आला. रस्त्यालगतच्या सगळ्या हद्दी नव्यानं मोजायच्या होत्या. साहेबांनी मला बोलावलं. “शिरसाट, यात तुमचं कबरस्थान येतं. तुम्हीच करा. तुमची माणसं तुमचं ऐकतील, गडबड होणार नाही.” खरं तर मी म्हणायला हवं होतं, साहेब, तिथं माझी मुलगी आहे, दुसऱ्याला पाठवा. तसं म्हणायला वाव होता. पण मला वाटलं, मी असलो म्हणजे भिंतीला धक्का लागणार नाही.

या वेळी मी नियमानं तीन दगड शोधले. एक तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला, एक ओढ्याकाठचा आणि तिसरा कबरस्थानाच्या आत, दोन हात मातीखाली. तिन्हींवरून रेघ एकाच जागी आली, बरोबर जुन्या काट्याच्या कुंपणावर. मी साखळी पुन्हा टाकली, तिसऱ्यांदा टाकली. मग रस्त्याकडेच्या त्या दगडापाशी गेलो, ज्यावर मी सहा वर्षांपूर्वी विसंबलो होतो. भोवतीची माती काढली. हद्दीच्या दगडावर खूण कोरलेली असते. यावर काही नव्हतं. रस्त्याच्या कामावरचे लोक खडीचे ढीग मोजायला असे दगड पुरतात. एवढंच होतं ते.

काकांच्या बापानं घातलेलं कुंपण बरोबर होतं. सरकारही बरोबर होतं. मी मंडळीला मिळवून दिलेले नऊ फूट चुकीचे होते आणि त्या नऊ फुटांत सात कबरा होत्या. मी कडुनिंबाखाली बसलो.

नकाशा मात्र मी खरा काढला. नऊ फूट अतिक्रमण असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. घरी सुलोचनाला इतकंच सांगितलं की रस्ता येतोय आणि भिंत जाणार. ती शलोमीचा फोटो पुसत बसली. कोणाची चूक, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नोटीस आली तेव्हा मंडळीत हाहाकार उडाला. पाळकसाहेब भर दुपारी माझ्या घरी आले, सोबत बारनाबासकाका. पाळकसाहेबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “विश्वासराव, नऊ फूट म्हणजे काय असं मोठं? साखळी जरा इकडेतिकडे झाली असं लिहिलंत तर कोणाचं काय जातं? सात कुटुंबांचा प्रश्न आहे. तुमचाही आहे.”

आणि मी काय बोललो असेन? आज लिहितानाही कानशिलं तापतात. मी म्हणालो, “पाळकसाहेब, मी सरकारी नोकर. सत्तेच्या अधीन राहा, असं तुम्हीच तर शिकवता. तेरावा अध्याय.”

पाळकसाहेबांची मान खाली गेली. त्यांचंच हत्यार मी त्यांच्यावर चालवलं होतं. त्यांना वाटलं, केवढा हा प्रामाणिक माणूस! आणि मी त्या अध्यायाच्या आड माझा चुकलेला दगड लपवून बसलो होतो.

काका मात्र उभेच होते. “ह्ये अधीनबिधीन मले नाई समजत. भिंतीची साखळी तू धरली होती अन् दुसरं टोक म्या. हद्द तितंच हाय, मले माहीत हाय. आता सरकार आपल्या मेलेल्या मानसावरून रस्ता करून राह्यलं, अन् तुले जबरदस्तीनं खोटं लिव्हा लावलं. तुहा दोष नाई, बाबू. नोकरी हाय तुही. पन म्या काई नोकर नाई त्याहचा. म्या भिंतीवर बसतो. बघू कोन हालवते ते.”

“काका, दिवस वाईट आहेत. आत टाकतील,” पाळकसाहेब म्हणाले.

“टाकू दे. पेत्राले नाई टाकलं?”

तोंड उघडायची ती वेळ होती. दोघंही माझ्यासमोर होते. एक पौल घेऊन, एक पेत्र घेऊन. आणि वाद ना पौलाचा होता, ना पेत्राचा. तीन वाक्यांत सगळं मिटलं असतं. मी म्हणालो, “काका, चहा घेता का?”

भिंत पाडायच्या दिवशी सकाळी आठ वाजता काका भिंतीवर जाऊन बसले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात खुरपं. खुरपं कशाला आणलं होतं कोण जाणे. माळ्याच्या हाताला सवय. नायब तहसीलदार आले, दोन पोलीस, बाराएक मजूर. नायब तहसीलदार पोरसवदा होते, माझ्यापेक्षा लहान, आणि वरून आलेल्या हुकमानं घाबरलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “शिरसाट, समजवा तुमच्या म्हाताऱ्याला. तुमच्या धर्मात लिहिलंय ना? मला कोणाला उचलायला लावू नका.”

मी भिंतीपाशी गेलो. काका वरून माझ्याकडे बघून हसले. “तू जा बाबू. तुले उगाच तरास होईन. म्या काई तुह्यावर रागावलो नाई.”

मी नकाशाची गुंडाळी हातात धरून उभा राहिलो. मागे पाळकसाहेब, मंडळीतली माणसं, सुलोचना. देवाशपथ सांगतो, शब्द ओठाशी आले होते. पण सगळ्यांसमोर? वेदीवरून माझे आभार मानले होते त्या सगळ्यांसमोर?

पोलिसांनी काकांना काखेत हात घालून उतरवलं. त्यांनी अंग टाकलं नाही, शिवी दिली नाही. जीपमध्ये चढताना फक्त टोपी सरळ केली. जीप तालुक्याला निघून गेली. म्हातारा नेला म्हटल्यावर मजुरांचा हात चालेना, तेव्हा काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

घरी सुलोचनानं ताट वाढलं. मी हात लावला नाही. ती म्हणाली, “जेवा. तुम्ही तरी काय करणार? वरचा हुकूम.” त्या ‘वरचा हुकूम’नं माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. दगड, खूण, नऊ फूट, सगळं. मग तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं, झाकून ठेवलं आणि म्हणाली, “शलोमीची जागा मी तुमच्या भरवशावर मागितली होती. ते मी सोसेन. पण तो माणूस तुमच्या चुकीसाठी कोठडीत बसलाय आणि वर तुमचीच कीव करतोय! तुम्ही उद्या जाणार आहात की मी जाऊ?”

मीच गेलो. तहसील उघडायच्या आधी दारात उभा होतो. नायब तहसीलदारांना म्हणालो, “साहेब, तो म्हातारा तुमच्या विरुद्ध बसला नव्हता. माझ्या शब्दावर बसला होता. ती हद्द मी दाखवली होती आणि ती चुकीची होती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे सरकारी नोकरीत असताना, सरकारी साखळी घेऊन, खाजगी मोजणी केलीत? हे लेखी द्याल? शिरसाट, विचार करा. दिवस कसे आहेत ते तुम्हाला कळतं.”

मी लेखी दिलं. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, खणात ठेवला आणि शिपायाला सांगितलं की म्हाताऱ्याला सोडा. मी आणखी एक मागितलं, आठ दिवसांची मुदत. कबरा आमच्या आम्ही हलवू. ते म्हणाले, “सहा देतो. आरोग्य खात्याचा माणूस हजर ठेवा.” माणूस वाईट नव्हता.

काका बाहेर आले ते डोळ्यांवर हात धरून. उन्हाचा त्रास होत होता. मला बघून खूश झाले. “तू सोडवलं मले?” बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यात एका झाडाखाली थांबून मी सांगितलं. सगळं, पहिल्या दगडापासून.

मग काका म्हणाले, “म्हंजे माह्या बापाचं कुंपन बरोबर होतं.”

“हो काका.”

“अन् तुले कवा समजलं?”

“मोजणीच्या दिवशीच.”

ते खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मंग मले काऊन नाई सांगतलं रे? तुह्या घरी आलो तवा? भिंतीवर बसलो होतो तवा? म्या देवाच्या नावानं बसलो होतो बाबू. पेत्राचं नाव घेतलं म्या. अन् हद्द आपली नव्हतीच?”

मग काका टोपी पुन्हा डोक्यावर घालत अगदी साधेपणानं म्हणाले, “सरकारच्या कागदात तू खरं लिव्हलं. आमाले मात्र खोटं सांगतलं. सरकारले भेला तू, आमाले नाई भेला.”

बस आली. काका पुढे बसले, मी मागे.

त्या रविवारी मी उपासनेत उभा राहून सगळं सांगितलं. कोणी दगड मारला नाही, कोणी मिठीही मारली नाही. पाळकसाहेबांनी त्या दिवशी तेरावा अध्याय वाचला नाही. नंतर दारात माझा हात धरून हळूच म्हणाले, “मीही तुम्हाला खोटं लिहायला सांगायलाच आलो होतो ना?” पुढे ते निवृत्त होईपर्यंत पौल आणि पेत्र आळीपाळीनं येत राहिले.

सहा दिवसांत आम्ही सात कबरा हलवल्या. खोदायला माणसं लावली नाहीत. काकांनी पहिली कुदळ मारली ती स्वतःच्या बायकोच्या जागी. शलोमीची पाळी आली तेव्हा मी पुढे झालो. काकांनी कुदळ माझ्या हातातून घेतली नाही. “आता हात हालला तरी तूच कर,” म्हणाले. एवढ्याशा पेटीचं काय उरणार? मूठभर काळी माती आणि तिचे चांदीचे वाळे. सुलोचनानं ते पदरात घेतले आणि तिथंच मोठ्यानं रडली, चार वर्षांपूर्वी रडली नव्हती तशी. मीही रडलो. माझ्या चुकीनं ते लेकरू दोनदा पुरावं लागलं.

सरकारनं आपलं काम केलं. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं शेरा बसला आणि बदली आर्वीला झाली. वर्षभरानं दिल्लीत सरकार बदललं. पाळकसाहेबांनी नव्या सरकारसाठी जुन्याच शब्दांत प्रार्थना केली आणि सुलोचना माझ्याकडे बघून गालात हसली. तेव्हा आम्हाला पुन्हा हसता येऊ लागलं होतं.

सरकारच्या अधीन राहावं की नाही, हे मला तरुण पोरं अजून विचारतात. मी विद्वान नाही. मी तर त्या अध्यायाचा छत्रीसारखा उपयोग केला, स्वतः भिजू नये म्हणून. एवढं कळलं की मी ज्याला आज्ञाधारकपणा म्हणत होतो, त्यात पुष्कळशी भीती होती आणि थोडा अहंकार. आणि ज्या म्हाताऱ्यानं सरकारचा हुकूम मोडला, तो हद्द आपली नाही असं कळताच कुदळ घेऊन स्वतः आला. दोघांत अधिक अधीन कोण, हे तुम्हीच ठरवा.

नवी भिंत घालायची वेळ आली तेव्हा मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आर्वीहून आलो आणि लांब उभा राहिलो. काकांनी हाक मारली. “तितं काऊन उभा हायस? ये इकडं.” मी पिशवीतून साखळी काढली तसे ते ओरडले, “ते नको! ते सरकारची हाय. सरकारले ठेव.” त्यांनी खिशातून सुतळीचा गुंडा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून स्वतः चालत गेले. “या बारीनं दगड नीट पाहून घेजो,” पलीकडून म्हणाले. सगळे हसले. मी तीन दगड पाहिले.

काका पंच्याऐंशी साली गेले. मी तेव्हा हिंगणघाटला होतो. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं की माझ्या कबरेची जागा बायकोच्या शेजारी, आणि मोजायची ती विश्वासनंच.

निरोप आला तेव्हा मी ऑफिसात होतो. रजेचा अर्ज लिहिला, साखळी कपाटात ठेवून कुलूप लावलं, बाजारातून सुतळीचा गुंडा घेतला आणि गाडी पकडली. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. तीनदा मोजली.